आजोबांच्या डबीतील गोळी

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातील गोष्ट. मोहोपाड्यातील माझ्या दवाखान्यात एक आजोबा आपल्या नातीला सोबत घेऊन आले होते. रसायनी परिसरातील एका कारखान्यात उमेदीची वर्षे काढून निवृत्त झालेले हे गृहस्थ माझे जुने रुग्ण. वय ७४. रक्तदाब आहे, मधुमेह आहे आणि मूत्रपिंडाचे काम थोडे मंदावलेले आहे. त्या दिवशीची तक्रार मात्र नवी होती. "डॉक्टर, हल्ली मधूनच डोळ्यांपुढे अंधारी येते. परवा न्हाणीघराच्या दारात भिंतीचा आधार मिळाला म्हणून पडलो नाही."

मी त्यांचा रक्तदाब बसवून मोजला, उभे करून मोजला. त्या वेळी तरी दोन्हींत फारसा फरक आढळला नाही. तेवढ्यात सातवीत जाणारी नात धीर करून म्हणाली, "डॉक्टरकाका, शाळेने सुट्टीत एका शास्त्रज्ञाची माहिती लिहून आणायला सांगितली आहे. आजोबांना विचारलं, तर ते न्यूटनचं सफरचंद सांगतात. ते तर मला पाठ आहे."

आजोबा हसले, परंतु त्या हसण्यात थोडी खंत होती. "आता आमच्याजवळ सांगण्यासारखं काय उरलंय, डॉक्टर? हिला सगळं मोबाइलवर मिळतं."

टेबलावर त्यांची गोळ्यांची डबी उघडी होती. सात वारांचे सात कप्पे असलेली ही प्लॅस्टिकची डबी आता घरोघरी दिसते. त्यातील एका गोळीवर बोट ठेवून मी नातीला म्हणालो, "ही गोळी आहे ना, तिच्यात एका शास्त्रज्ञाची गोष्ट आहे. आणि तो शास्त्रज्ञ इंग्लंडातला नाही, आपल्या रायगड जिल्ह्यातला आहे."

वाचकहो, त्या दिवशी गर्दीमुळे जी गोष्ट मला घाईत सांगावी लागली, ती आज निवांतपणे सांगावी असे वाटते. पावसाळा तोंडावर आला आहे, आणि या गोष्टीचा पावसाळ्याशी संबंध आहे.

बिरवाडीचा वैद्यकीय अधिकारी

आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण भागात, सावित्री नदीच्या काठी महाड आहे. महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली एक तरुण डॉक्टर रुजू झाला. त्या वेळी आपला जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जाई. ज्येष्ठ वाचकांना ते दिवस आठवत असतील. या डॉक्टरांचे नाव हिम्मतराव बावस्कर. आजच्या जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यात, गरीब शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पडेल ते काम करीत त्यांनी शिक्षण घेतले आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. ही पदवी मिळविली. 'बॅरिस्टरचं कार्टं' या त्यांच्या आत्मचरित्रात ही वाटचाल आली आहे.

त्या भागात लाल विंचवाच्या दंशाने माणसे दगावत, विशेषतः लहान मुले. जांभ्या दगडाच्या फटी, लाकूडफाटा, भाताचा पेंढा, घराच्या कुडाच्या भिंती, सर्वत्र विंचू. संध्याकाळी खेळणारे मूल पहाटे गेलेले असे. लोक त्याला नशीब म्हणत, आणि वैद्यकशास्त्राच्या पुस्तकांतही याबाबत फारसे मार्गदर्शन नव्हते. ॲट्रोपीन, स्टिरॉइड, ॲलर्जीवरील इंजेक्शने असे जे उपचार रूढ होते, त्यांनी गंभीर रुग्णांचे प्राण वाचत नव्हते.

तरुण डॉक्टरने अशा वेळी काय केले? त्याच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती. सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे असेही काही नव्हते. तो रुग्णाच्या खाटेजवळ बसून राहिला. विंचू किती वाजता चावला, उलटी केव्हा झाली, घाम केव्हा फुटला, हातपाय केव्हा गार पडले, नाडी किती, रक्तदाब किती, श्वास केव्हा लागला, हे सारे तो पाहत गेला आणि लिहीत गेला. एका रुग्णाचे, दुसऱ्याचे, तिसऱ्याचे.

पुष्कळ रुग्णांच्या नोंदी एकापुढे एक ठेवल्या, तेव्हा त्यांत एक क्रम दिसू लागला. ज्या मुलांना केवळ दंशाच्या जागी प्रचंड कळा येत, ती मुले रडून घर डोक्यावर घेत. परंतु ती बहुधा वाचत. ज्यांना उलट्या होत, दरदरून घाम सुटे, हातपाय बर्फासारखे गार पडत, त्यांचे पुढे हृदय थकत असे, फुप्फुसांत पाणी भरत असे आणि तोंडाला फेस येऊन ती मुले जात. म्हणजे मृत्यू अचानक येत नव्हता. तो येण्यापूर्वी काही तास आधी खुणा देत होता. त्या खुणा कोणी एकत्र करून लिहिल्या नव्हत्या, इतकेच.

ही निरीक्षणे १९८२ साली 'द लॅन्सेट' या जगद्विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. दरम्यान डॉ. बावस्कर यांनी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात एम.डी.चे शिक्षण घेतले होते. शहरात राहण्याचा मार्ग मोकळा असूनही ते पुन्हा पोलादपूर-महाड भागात परतले. कारण प्रश्नाचा अर्धाच भाग सुटला होता. मूल दगावणार हे आता आधी कळत होते. परंतु त्याला वाचवायचे कसे?

पाण्याची नळी आणि चिमटा

येथे थोडे शरीरशास्त्र सांगावे लागेल. नातवंडांना सांगताना बागेला पाणी घालायच्या नळीचे उदाहरण द्यावे.

लाल विंचवाचे विष शरीरातील मज्जातंतूंना उद्दीपित करते. परिणामी, भीतीच्या क्षणी शरीरात जी रसायने थोडी पाझरतात, ती ॲड्रिनलीनसारखी रसायने पुराच्या लोंढ्यासारखी बाहेर पडतात. त्यांच्यामुळे सर्व लहान रक्तवाहिन्या आवळल्या जातात. नळीचे तोंड चिमटीत दाबून धरावे आणि मागून पंप जोराने चालू राहावा, तशी हृदयाची स्थिती होते. हातापायांकडील रक्तप्रवाह घटल्याने ते गार पडतात. आरंभी रक्तदाब भयंकर वाढतो, हृदय त्या दाबाविरुद्ध झगडून थकते आणि मागे तुंबलेले पाणी फुप्फुसांत झिरपू लागते.

हे ध्यानात आल्यावर उपचाराची दिशा स्पष्ट झाली. चिमटा सैल करायला हवा. प्रथम त्यांनी नायट्रोप्रसाइड हे शिरेतून देण्याचे औषध वापरले आणि त्याने प्राण वाचू शकतात हे दिसले. मात्र त्या औषधाच्या थेंबाथेंबावर लक्ष ठेवावे लागते. रात्री वीज जाणाऱ्या, एकच परिचारिका असलेल्या खेड्यातील आरोग्य केंद्रात ते प्रत्येकाला देणे अवघड. मग त्यांनी असे औषध शोधले, जे तोंडाने देता येईल, स्वस्त असेल, आणि नेमका तोच चिमटा सैल करील. असे औषध औषधांच्या दुकानात आधीच विक्रीला होते. उच्च रक्तदाबासाठी मोठ्या माणसांना दिली जाणारी प्राझोसिन ही गोळी!

डॉ. हिम्मतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी या उपचाराविषयी १९८६ साली पुन्हा 'लॅन्सेट'मध्ये लिहिले. गंभीर विषबाधा झालेल्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण पूर्वी शंभरात तीस ते चाळीस होते. प्राझोसिनच्या वापरानंतर ते शंभरात एकाच्या आसपास आले, असे त्यांनी आपल्या अनुभवावरून नोंदविले आहे. आज देशात आणि देशाबाहेरही या दंशावर हा उपचार केला जातो. २०२२ साली भारत सरकारने डॉ. बावस्कर यांना पद्मश्री देऊन गौरविले.

आजोबांच्या डबीतील गोळी हीच. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या त्यांच्यासारख्या रुग्णांना रक्तदाबासाठी ती आजही दिली जाते. आजोबा रोज रात्री पाण्याच्या घोटासोबत जी गोळी निमूटपणे घेतात, त्याच औषधाने कोकणातील किती मुले पुन्हा शाळेत गेली असतील! हे ऐकून आजोबांनी ती गोळी डबीतून काढली आणि प्रथमच पाहावी तशी हातावर घेऊन पाहिली.

एका आजीचे निरीक्षण

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. ती माझ्या मोठेपणाची नाही.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी नुकताच व्यवसाय सुरू केला होता. एका संध्याकाळी डोंगरकडेच्या वाडीतून एका सहा वर्षांच्या मुलाला घेऊन त्याची आजी आली. सरपण काढताना विंचू चावला होता. मूल आधी खूप रडले, पण माझ्यासमोर ते शांत होते. दंशाच्या जागी सूज नव्हती. वेदना उतरल्या असे समजून मी वेदनाशामक औषध दिले आणि त्यांना घरी पाठविले. प्राझोसिनविषयी मी वाचलेले होते, परीक्षेत उत्तरही लिहिले होते. प्रत्यक्षात मात्र त्या मुलाचा हात मी हातात घेतला नाही.

अर्ध्या तासाने आजी परत आली. म्हणाली, "डागदर, पोर रडत नाय ते बरं वाटून नाय. याचे पाय बगा. उन्हाळ्यात असे गार पाय असतात व्हय? आन् कपाळ भिजलंय."

मी पाय पाहिले, कपाळ पाहिले, आणि माझेच पाय लटपटले. ताबडतोब गाडी करून त्यांना मोठ्या रुग्णालयात पाठविले, फोन करून आधी कळविले. तेथे प्राझोसिन मिळाले, ऑक्सिजन मिळाला, दोन दिवसांनी मूल घरी आले. आज तो तरुण रिक्षा चालवितो आणि दिसला की हात वर करतो. त्याची आजी आता हयात नाही. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. तरी बावस्करांनी ज्या खुणा लिहिल्या, त्याच खुणा तिने स्वतःच्या तळहाताने ओळखल्या होत्या. वाचलेले विसरलो होतो तो मी.

त्या दिवसापासून विंचूदंशाच्या प्रत्येक रुग्णाचे हातपाय मी प्रथम हाताने चाचपतो.

वैद्यकाच्या इतिहासात अशा अनामिक आजी आणखीही आहेत. इंग्लंडमधील विल्यम विदरिंग या डॉक्टरला १७७५ साली एका कौटुंबिक औषधाविषयी मत विचारण्यात आले. श्रॉपशर परगण्यातील एक वृद्ध स्त्री अंगावर पाणी चढलेल्या रुग्णांना वीसएक वनस्पतींचा काढा देत असे, आणि डॉक्टर हरले तिथे तिला कधीकधी यश येई. विदरिंगने तिची टिंगल केली नाही. त्या वनस्पतींपैकी फॉक्सग्लोव्ह हीच गुणकारी असावी हे त्याने ओळखले, दहा वर्षे रुग्णांच्या नोंदी ठेवल्या आणि १७८५ साली पुस्तक लिहिले. त्यात बरे झालेले रुग्णही आहेत आणि न झालेलेही. हृदयाच्या विकारासाठी आपल्यापैकी काही जण घेत असलेली डिगॉक्सिन ही गोळी त्याच वनस्पतीच्या कुळातून आलेली आहे. आजीने पाहिले, डॉक्टरने लिहिले आणि पारखले. दोहोंची गरज होती.

पारखणे म्हणजे काय?

'पारखले' हा शब्द महत्त्वाचा आहे. कारण नुसते पाहणे फसवू शकते.

आपल्या भागात आजही विंचू 'उतरविणारे' भगत आहेत. लोक सांगतात, "मंत्र टाकला आणि पोर उठून बसलं." ते खोटे बोलत नाहीत. बहुतेक दंशांत वेदना काही तासांत आपोआप ओसरतात. मंत्र टाकला तरी, न टाकला तरी. त्यामुळे श्रेय मंत्राला मिळते. ज्या थोड्या मुलांना खरे विष चढलेले असते, त्यांचे मोलाचे तास मात्र तेथे निघून जातात. आणि त्यांची नोंद कोणी ठेवीत नाही.

याउलट, डॉ. बावस्करांनी स्वतःच्याच औषधाला परीक्षेस बसविले. पुढे विंचवाच्या विषावर प्रतिविष उपलब्ध झाले. प्राझोसिन पुरेसे आहे की प्रतिविषाची जोड द्यावी? ज्याचे नाव प्राझोसिनशी जोडले गेले, त्याला हा प्रश्न टाळता आला असता. त्यांनी महाडच्या आपल्या रुग्णालयात ७० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. ३५ जणांना केवळ प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांच्या आत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात ८, तर दुसऱ्या गटात ३२. म्हणजे दोन्ही एकत्र देणे अधिक चांगले. हा निष्कर्ष २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांनी प्रसिद्ध केला. आपल्या नावलौकिकापेक्षा रुग्ण लवकर बरा होणे मोठे मानणे, हा शास्त्रज्ञाचा खरा वारसा. नातवंडांना पद्मश्री सांगावीच, पण त्याआधी हे सांगावे.

गोष्ट कशी सांगावी?

आपण मुलांना शास्त्रज्ञांच्या गोष्टी सांगतो त्या बहुधा चमत्कारासारख्या. सफरचंद पडले आणि शोध लागला. न्हाणीतून उठून धावत सुटले आणि शोध लागला. मुलाला वाटते, आपल्या डोक्यावर तसे सफरचंद पडणार नाही, म्हणजे हे आपले काम नव्हे. म्हणून आजी-आजोबांना माझ्या तीन सूचना आहेत.

पहिली, जवळून आरंभ करावा. आपली डबी, आपला चष्मा, रक्तदाबाचे यंत्र, बाळाला टोचलेली लस, यांतील प्रत्येकामागे एक माणूस आहे. महाडचा माणूस आधी, श्रॉपशरचा नंतर.

दुसरी, अपयश वगळू नये. नायट्रोप्रसाइड खेड्यात का चालले नाही हे सांगितल्याशिवाय प्राझोसिनची गोष्ट पूर्ण होत नाही. मुलांना अडचणींत अधिक रस असतो.

तिसरी, गोष्ट संपल्यावर मुलाच्या हाती एक वही द्यावी. रोज एकच गोष्ट पाहायची आणि वेळ घालून लिहायची. कुंडीतील रोप, आभाळ, मुंग्यांची रांग, काहीही. आणि घरात आजारी माणूस असेल, तर त्याहून उत्तम विषय नाही.

हे मी उगाच म्हणत नाही. त्या दिवशी मी नातीला एक वही घ्यायला सांगितले होते. "आजोबांना अंधारी आली की वेळ लिही. त्याआधी ते झोपले होते, बसले होते की उभे होते, ते लिही. आणि प्रत्येक गोळी कोणत्या वेळी घेतली, तिचे नाव पाकिटावरून पाहून लिही." तोवर आजोबांनी अंथरुणातून उठताना आधी दोन मिनिटे पाय खाली सोडून बसावे, असे बजावले.

पंधरा दिवसांनी ती वही घेऊन आली. सुरेख अक्षरात, रेघा मारून. अंधारी पाच वेळा आली होती. पैकी चार वेळा रात्री, गोळ्या घेतल्यानंतर तासा-दोन तासांत, लघवीसाठी उठताना. गोळ्यांच्या यादीत माझ्या चिठ्ठीत नसलेले एक नाव होते. लघवीच्या त्रासासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी मार्चमध्ये दिलेली प्रोस्टेटची गोळी. ती डबीत नव्हती. सदऱ्याच्या खिशात वेगळ्या पाकिटात राहत असे. आजोबांनी सांगितले नव्हते, कारण "तो त्रास वेगळा, ते डॉक्टर वेगळे." आणि खरे सांगायचे तर, मीही विचारले नव्हते.

ती गोळी टॅमसुलोसिन, म्हणजे प्राझोसिनचीच नातलग. दोन्ही चिमटा सैल करणाऱ्या. दोन्ही रात्री एकदम घेतल्यावर उभे राहताच रक्तदाब घसरत होता आणि अंधारी येत होती. दिवसा दवाखान्यात तो मला कसा सापडणार? दुसऱ्या डॉक्टरांशी फोनवर बोलून औषधांची फेरमांडणी केली. त्यानंतर आजवर आजोबांना अंधारी आलेली नाही. या वयात एकदा पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे ज्यांनी घरात भोगले आहे त्यांना या वहीची किंमत सांगायला नको.

घरात ध्यानात ठेवावे असे

भातशेतीची कामे सुरू होतील, सरपण आत हलवले जाईल, पाऊस बिळांत शिरेल आणि विंचू बाहेर पडतील. म्हणून थोडक्यात :

१. विंचू चावलेल्या मुलाला, वेदना असो वा नसो, तातडीने डॉक्टरांकडे न्यावे. उलटी, दरदरून घाम, लाळ गळणे, हातपाय गार पडणे, श्वास लागणे यांपैकी एक जरी खूण दिसली तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. हृदयविकार असलेल्या ज्येष्ठांनाही हाच नियम.

२. रडणारे मूल एकाएकी शांत झाले, तर निश्चिंत होऊ नये. त्याच्या कपाळाला आणि पावलांना हात लावून पाहावा.

३. दंशाच्या जागी चिरा देऊ नये, दोरी आवळून बांधू नये, रक्त चोखू नये, दारू पाजू नये. अंगठी, बांगडी काढून ठेवावी. कापडात गुंडाळलेला बर्फ लावण्यास हरकत नाही, पण त्यासाठी वेळ दवडू नये.

४. आजोबांच्या डबीतील गोळी मुलाला घरी कधीही देऊ नये. मात्रा वजनावर ठरते आणि ती देताना रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते. गोळी तीच असली, तरी ती केव्हा आणि किती हे डॉक्टरांनी ठरवावे.

५. अंथरूण भिंतीपासून दूर घालावे, मच्छरदाणी गादीखाली खोचावी. चप्पल, बूट झटकून घालावेत. मधुमेहामुळे पावलांची संवेदना कमी झालेल्या ज्येष्ठांनी अंगणातही अनवाणी जाऊ नये. रात्री उठताना दिवा लावावा.

६. रक्तदाबाची अथवा प्रोस्टेटची गोळी चालू असलेल्यांनी अंथरुणातून एकदम उठू नये. आणि कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना चालू असलेली सर्व औषधे, खिशातील पाकिटासह, सोबत न्यावीत.

नातवंडांसाठी एक गंमत : अतिनील प्रकाशाच्या विजेरीत विंचू हिरवट-निळा चमकतो. हे मोठ्यांना सोबत घेऊन, लांबून पाहावे. का चमकतो, याविषयी शास्त्रज्ञ आजही निरनिराळे तर्क करतात. म्हणजे काम शिल्लक आहे!

नातीचा निबंध मी वाचला. आरंभी डॉ. बावस्करांची माहिती होती, शेवटी आजोबांच्या अंधारीचा तक्ता. शीर्षकाविषयी तिने मला विचारले, तेव्हा ते आजोबांनी सुचवावे असे मी म्हटले. आजोबा आता रोज रात्री तिला एका गोळीची गोष्ट सांगतात म्हणे. त्यासाठी मला मधूनमधून फोन येतो. परवा मेटफॉर्मिनची पाळी होती.

वाचकहो, आपल्या डबीतही सात कप्पे असतील. आज रात्री एखाद्या गोळीचे नाव नातवंडाला मोठ्याने वाचायला सांगा. जवळ एक वही ठेवा. आपल्या नोंदींत काही विशेष दिसले, तर पुढच्या भेटीत आपल्या डॉक्टरांना अवश्य दाखवा. ते वेळ काढून पाहतील. न पाहिल्यास, वाडीतल्या त्या आजीप्रमाणे अर्ध्या तासाने पुन्हा या.